देवीला विचारलेला कुत्रा

जुन्या मित्राच्या, शंभूच्या पत्राला सगुणबाबनी उत्तर दिलं नव्हतं. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच सुमारास ते वास्कोहून आलं होतं. शेजारच्या साहेबांची बदली होतेय, त्यांच्याकडे दोन पिल्लं आहेत, एक डोबरमन, एक बॉक्सर. दोन्ही धावणारी, कसलेल्या अंगाची. पहिली निवड तुझी, कुठलं पाठवू?

दुसऱ्या कुणी कार्डावर एक शब्द लिहून टाकला असता. पण सगुणबाब पेडण्यातल्या एका वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. त्यांना साधं 'हो' म्हणायलाही संदर्भग्रंथ लागे. कोकणी की मराठी या वादात सारा गोवा दोन बाजूंना उभा राहिला, तेव्हा त्यांनी दोन्हीकडचे लेख वाचले, दोन्ही पटले, आणि मोर्चाच्या दिवशी ते ताप आला म्हणून घरी निजले.

कुत्रा हवा होता विमलाबाईंना. मुलगा ओंकार डिचोलीला खाणीवर नोकरीला, शनिवारी तेवढा येई. "घरात आवाज म्हणून नाही," त्या म्हणत. "एक ते घड्याळ बोलतं, तेही तुम्ही चावी दिलीत तर."

सगुणबाबनी म्हापशाहून कुत्र्यांवरचं जाडजूड पुस्तक आणलं. डोबरमन हुशार, मालकाला सावलीसारखा चिकटणारा. बॉक्सर खेळकर, पण चपट्या तोंडाचा, उकाड्यात धापा टाकणारा. दोघांनाही रोज पळवावं लागतं, तेव्हा मालक उत्साही आणि ठाम असावा. हे वाक्य वाचून त्यांनी पुस्तक मिटलं. वरच्या फळीवरचं पुस्तक काढणं हाच त्यांचा सर्वांत दमवणारा व्यायाम होता.

श्रावण सरत आला तेव्हा बसच्या कंडक्टरबरोबर शंभूचा निरोप आला: चवथीआधी साहेब निघणार, सगुणाने कळवलं नाही तर दोन्ही पिल्लं दुसरीकडे जातील. विमलाबाईंचा चेहरा उतरला.

"तुम्हाला ठरवता येत नाही ना? मग देवीला प्रसाद लावा, तिचा कौल घ्या. उजवीकडची पाकळी पडली तर डोबरमन, डावीकडची पडली तर बॉक्सर. मी येत नाही. आले तर म्हणाल, हिनेच भटाला सांगून पाडली."

घर बांधण्यापासून म्हैस घेण्यापर्यंत सगळं गाव देवीलाच विचारून करी. पण म्हैस निराळी, कुत्रा निराळा. देवळात पाचसहा माणसं बसलेली पाहून सगुणबाबच्या तोंडून 'कुत्रा' हा शब्द काही फुटेना.

"दोन आहेत," ते विठ्ठलभटांना हळूच म्हणाले. "वास्कोची. त्यातलं एक घरात आणायचंय."

भटांचा चेहरा उजळला. "अखेर मनावर घेतलंत म्हणायचं. दिसायला?"

"एक काळं, उंच, शिडशिडीत. दुसरं उजळ, भरल्या अंगाचं, नाक जरा चपटं."

"नाकाचं काय घेऊन बसलात सगुणबाब. स्वभाव?"

"काळं हुशार, पण परक्याच्या अंगावर जातं. चपट्या नाकाचं खेळकर. लाळ मात्र गळते."

भटांनी आवाज खाली आणला. "औषधपाणी?"

"त्यांच्यात सगळ्यांचीच गळते."

"होईल हो. संसारात पडली की थांबेल," असं म्हणून भटांनी देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या, काळीला उजवी, उजळीला डावी असं ठरवलं आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "आई माये, ह्या लेकराच्या ओंकाराला नवरी बघून दी गे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. जन्माची सवय, सगुणबाबही म्हणाले. म्हणून झाल्यावर आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या ध्यानात आलं. आता उठून बोलावं, असं त्यांनी मनात तीनचार प्रकारे जुळवलं. तोवर उजवी पाकळी पडली.

"काळी," भट समाधानाने म्हणाले.

घरी येऊन सगुणबाबनी 'डोबरमन' एवढंच सांगितलं आणि पुस्तकात डोकं घातलं.

सकाळी पोदेराने पाव देतादेता लग्नाला किती लागतील ते विचारलं. त्याच्या मागोमाग शेजारची पार्वती आली. "काळी तर काळी गो विमलाबाय, उंच आहे, ओंकाराला शोभेल. त्या लाळगळीतून सुटलात ते बरं झालं."

ती गेल्यावर विमलाबाई पुस्तकासमोर येऊन उभ्या राहिल्या. "अहो, माझ्या मुलाचं कुत्र्याशी लग्न ठरवून आलात?"

"मी काही बोललोच नाही."

"तेच तर. आता जा आणि बोला. शनिवारी ओंकार यायच्या आत."

आरतीला देऊळ भरलं होतं. सगुणबाबनी घसा खाकरला, चष्मा पुसला, पुन्हा खाकरला. "भटजी, ती दोन कुत्री आहेत."

देवळात हशा पिकला. विठ्ठलभट खांबाला धरून हसले. "म्हणून लाळ होय. पण सुनेचा कौल कुत्र्याला चालायचा नाही. उद्या नव्याने लावू."

"नको," सगुणबाब म्हणाले. "हे आम्ही घरी ठरवू." स्वतःचाच आवाज ऐकून ते दचकले, आणि कोणी काही विचारायच्या आत बाहेर पडले.

घरी आल्यावर, पुस्तक झालं, देवी झाली, तेव्हा कुठे त्यांना सुचलं. "तुला कुठलं हवं?"

विमलाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "विचारलंत एकदाचं. मला ते लाळवालं हवं. पायाशी गप्प बसणारं एक आहे घरात. दुसरं धिंगाणा घालणारं असू दे."

"पण उकाड्यात त्याला धाप लागते."

"तुम्हालाही लागते. ठेवलंच ना मी?"

"आणि पळवायचं कोणी?"

"तुम्ही. पहाटे, ऊन चढायच्या आत."

चवथीला अजून आठवडा होता. सगुणबाबनी कार्ड घेतलं. खूप वर्षांनी लिहितोय म्हणून क्षमा मागावी, मग प्रकृती विचारावी, असं मनात आलं. तसं केलं तर दुसरं कार्ड लागेल आणि दुसरा दिवसही, हेही आलं. त्यांनी लिहिलं: 'शंभू, बॉक्सर पाठव. पळवायला मी आहे.' शेवटचं वाक्य खोडावं की काय, याचा विचार करत ते पोस्टापर्यंत आले. तो विचार संपला नव्हता, तरी त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.