मिस्त्रीकाकांचा आकडा

अकराला लिफाफा उघडायचा होता आणि सकाळपासून धाकटी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. प्रयोगशाळेत वयाने सर्वांत लहान म्हणून ती धाकटी. चार वर्षं झाली तरी यात बढती नाही.

प्रश्न ऐकायला सोपा. अणूच्या वाटेत प्रकाशाची पातळ भिंत उभी करायची. ती ओलांडायची ताकद त्याच्यात नसते, तरी पठ्ठ्या कधीकधी पलीकडे निघतो. मग भिंतीतून जाताना त्याला वेळ लागतो, की मुळीच लागत नाही? सरांनी यात उमेदीची वर्षं घातली होती आणि निवृत्तीला उरले होते अकरा दिवस.

आता माणूस म्हटला की हवं तेच त्याला दिसतं. म्हणून यंत्रं सांभाळणाऱ्या मिस्त्रीकाकांनी प्रत्येक मोजणीत एक गुप्त आकडा मिसळला होता. तो फक्त त्यांना ठाऊक. खराब मोजण्या वगळून झाल्या की सगळ्यांसमोर लिफाफा उघडायचा, आकडा वजा करायचा, खरं उत्तर हातात.

वगळण्याचं काम धाकटीकडे होतं. तीन आठवड्यांपूर्वी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला तिने काकांचा खण उघडला, तर लिफाफ्यात जायची चिठ्ठी समोरच. सदतीस. खण तिने इतक्या घाईने बंद केला की बोट चेंगरलं. पण पडद्यावरच्या सरासरीतून सदतीस वजा करायला काय अक्कल लागते? उत्तर तिला कळून चुकलं. त्यानंतर तिने नऊ मोजण्या वगळल्या, लेझर थरथरत होता म्हणून. खरंच थरथरत होता का? आता तिचं तिलाच सांगता येईना, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

सर इस्त्रीचा सदरा घालून आले. काकांनी लिफाफा पुढे केला.

"सर, उघडू नका," धाकटी म्हणाली. "मी आकडा पाहिलाय. मोजण्या वगळायच्या आधीच."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. "चूक माझी. कुलूप लावायला हवं होतं. वगळायला दुसऱ्या कुणाला बसवू या का, सर?"

"हिच्या चेहऱ्यावरून त्यालाही उत्तर कळेल," सर म्हणाले. "नवा आकडा घाला. मोजणी पहिल्यापासून."

"वर्ष जाईल, सर. तुम्ही तर तोवर..."

"जाऊ दे." सरांनी लिफाफा न उघडताच फाडला.

धाकटीला रडू आवरेना. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते चष्मा पुसत दाराशी गेले आणि थांबले.

"तुला उत्तर माहीत आहे ना?"

"हो, सर."

"मला सांगू नकोस."

असं म्हणून माणूस निघून जातो. सर मात्र कडीवर हात ठेवून तिच्याकडे बघत उभेच राहिले.