मेल्यावर कळलेले सर

माणसाला त्याच्या छापील शोधनिबंधांवर तोलायचं, ही शैलेंद्रची जुनी खोड. मॉस्कोत गणित शिकताना त्याने आपले सर लेव्ह अर्काद्येविच असेच तोलले. सरांच्या नावावर एकही निबंध नाही म्हणून पीएच.डी. अर्धवट सोडून बहारीनची नोकरी धरली. सर एवढंच म्हणाले होते, "थांब."

आज बहारीनमधल्या रिफा शहरातल्या घरी, जेवताना, मॉस्को रेडिओने सरांच्या निधनाची बातमी दिली. अंतराळयानांच्या कक्षा आयुष्यभर त्यांनीच मांडल्या होत्या. तिकडे असल्या माणसाचं गुप्त काम तो गेल्यावरच जाहीर करतात.

"अहो, तुमचे ते बिनकामाचे सर हेच का?" सुनीताने विचारलं.

"हेच."

"थांब म्हणाले, तर कारण नाही विचारलंत?"

"विचारलं. ते नुसते हसले."

शैलेंद्र आमटीभात कालवत राहिला. घास काही उचलला नाही.