सव्वा बादली पाण्याची केबल

कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. कापडे गावच्या टॉवरवरून उतरवलेल्या, बोटाएवढ्या जाड केबलमधून मी सव्वा बादली पाणी काढलं. आणि पाण्यामागून एक मुठा निघाला. जिवंत. नांगी वर करून माझ्याकडेच बघत होता.

हे मी जानकीबाईच्या हॉटेलात भर सभेत सांगितलं, तेव्हा राजेंद्र गुरुजींनी कप खाली ठेवला.

"नाना, खेकडा केवढा होता?"

"केबलीत मावेल एवढा." खोटंच सांगायचं असतं तर मोठा सांगितला असता.

सभा हौशी रेडिओवाल्यांची होती. आमच्या पोलादपूर तालुक्यात घाटात दरड आली की वीज जाते, आणि वीज गेली की मोबाइल मुके होतात. तेव्हा महाडला निरोप पोचवायला आम्ही कापड्यात शाळेमागे साठ फुटी टॉवर उभा केला. वर अँटेना, खाली खोलीत सेट आणि दोघांना जोडणारी केबल. परवाना गुरुजींचा. खांबावर चढायचा सराव माझा, कारण वीजमंडळात माझी उभी हयात लाइनमन म्हणून गेली. आणि केबल निवडली मुसैबनं. मुसैब महाडचा. कुवेतला चौदा वर्षं मोबाइलचे टॉवर बांधून परत आलेला.

ऐन श्रावणात केबल मेली. महाडला आमचा आवाज जाईना. मुसैबनं नकली माल गळ्यात मारला असेल, तर त्याच्याकडून खोलीची चावी काढून घ्यायची, हे त्या दिवशी ठरायचं होतं.

माझा संशय पहिल्या दिवसापासूनचा. गुरुजी पेन्सिलीएवढी बारीक केबल घेऊ म्हणत होते. मुसैब म्हणाला, "नको, सर. तिच्यातून वर पोचेपर्यंत निम्मा आवाज वाटेतच विरतो." त्यानं जाडी केबल आणली. मी तिचा तुकडा कापला. मधे तांब्याची तार, भोवती पांढरा फोम, त्यावर तांब्याची जाळी, वरून काळं साल. मी खिशात लोहचुंबक नेलंच होतं. नकली माल असला तर आत लोखंड असतं आणि चुंबक चिकटतं. चिकटलं नाही. तिथंच माझा संशय दुणावला. मी चुंबक घेऊन येणार हे याला आधीच कसं कळलं?

मग कनेक्टर. म्हणजे केबलीच्या टोकाला जे फिरवून बसवतात ते. मला आपले जुने पीएल पसंत. मुसैबला एन हवे होते, आत रबरी रिंग असलेले.

"पीएलमध्ये पाणी शिरतं, नाना."

"शिरू दे. त्यालाही तहान लागत असेल."

गुरुजी हसले. मुसैब नाही. तो म्हणाला, "ठीक आहे, पीएल लावा. पण वरच्या जोडावर ही टेप गुंडाळा. ताणून, तीन थर. दुसरी कुठली नको." त्यानं बॅगेतून काळ्या रबराची टेप काढली. कुवेतहून आणलेली, एकच गुंडाळी. तिला गोंद नसतो, ती स्वतःलाच चिकटते आणि सगळ्याचा एक गोळा होतो.

आता सांगा, जो माणूस इतक्या लवकर माघार घेतो, त्याच्या मनात काहीतरी असणारच ना?

शिमग्याच्या आदल्या दिवशी मी वर चढलो, जोड केला, तीन थर गुंडाळले. साठ फुटांवरून मला रायगडाच्या पायथ्याला पाचाडात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय तेही दिसत होतं. ते असो.

केबल मेल्यावर तिसऱ्या दिवशी मी वीर स्टेशनला गेलो. मुसैबच्या मागावरच. गाडीतून उतरलेल्या एका माणसानं त्याच्या हातात पुडकं दिलं आणि त्यानं ते रेनकोटाच्या आत घातलं. तो रिक्षात बसला. मी मागची रिक्षा पकडली.

"त्या रिक्षेच्या मागं घे रे."

"नाना, महाडला एकच रस्ता हाय," रिक्षावाला म्हणाला. "सगळ्याच तिच्या मागं जातात."

हे सगळं मी सभेत मांडलं. क्रमानं, मुठ्यासकट. जानकीबाईनं मधेच माझ्यासमोर दुसरा चहा ठेवला, भरपूर साय घालून. शिमग्यापासून मला तिच्याकडे सायीचाच चहा मिळतो. वयाचा मान असतो.

"पुडक्यात काय होतं?" गुरुजींनी मुसैबला विचारलं.

मुसैबनं पुडकं टेबलावर सोडलं. आत चार कनेक्टर होते. एन, रबरी रिंगवाले. "मला केबलीचा संशय नव्हताच," तो म्हणाला. "जोडात शिरलेलं पाणी जाळीतून वातीसारखं खाली उतरतं. केबल चांगली असली तरी मरते."

गुरुजींनी पिशवीतून कापून आणलेला जोड काढला. त्यावरची टेप केळ्याच्या सालीसारखी लोंबत होती, चिकट ओघळ आलेली.

"नाना, ही घरातल्या वायरींना लावतात तसली दिसते."

"तीच आहे. कुवेतची," मी म्हटलं. "उन्हानं तिचं पाणी झालं. माल नकली, तशी टेपही नकली."

"मी दिलेली टेप सुटत नाही," मुसैब म्हणाला. "चाकूनं कापावी लागते."

"मग ही सुटली ती काय मुठ्यानं सोडली?"

कुणी हसलं नाही. मुसैबनं खिशातून खोलीची चावी काढली आणि जोडाशेजारी ठेवली. "सगळ्यांना असंच वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण पाऊस अजून दोन महिने आहे. तेवढे कनेक्टर लावून घ्या."

गुरुजींनी सगळ्यांकडे पाहिलं. मान मी एकट्यानंच हलवली. त्यांचा हात हळूहळू चावीकडे गेला.

मागं मोरीत जानकीबाई कप विसळत होती. तिनं नळ बंद केला.

"नाना, खोटं बोलताय तुम्ही," ती म्हणाली. "मुसैबची टेप माझ्या या पाइपाला हाय. शिमग्यात तुम्हीच तीन थर गुंडाळून गेलात, आणि वर म्हणालात, कुवेतची हाय गो, चाकूबिगर सुटायची नाय. या, बघा सगळ्यांनी. अजून एक थेंब गळला नाय."