अण्णांच्या ताटापुढचं मौन

आषाढातल्या एकादशीला गोदाबाईंनी चातुर्मासाचं व्रत धरलं. ताटं मांडल्यापासून उष्टी काढेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. व्रत नवऱ्याच्या, अण्णांच्या प्रकृतीसाठी होतं. उद्यापनाला देवळात द्यायची पितळी घंटासुद्धा आणून देवघरात ठेवलेली. पण श्रावण सरता सरता अण्णा भरल्या ताटावरून उठू लागले.

"ही बाई कोण गं?" ते सुनेला, सुहासिनीला विचारत. "वाढते, पण बोलत नाही. मी नाही जेवायचा हिच्या हातचं."

गोदाबाई हातानेच भात दाखवीत. अण्णा आणखी बिचकत. महिन्याभरात त्यांच्या गळ्याची हाडं वर आली.

शेवटी दोघी त्यांना घेऊन कल्याणला डॉक्टरांकडे गेल्या.

"मेंदूतल्या रक्तवाहिन्या कडक झाल्यात, असा माझा अंदाज," डॉक्टर म्हणाले. "डोकं चालवायचं तर तिथे रक्त जास्त लागतं. त्या वेळी वाहिन्या रुंदावायला हव्यात. यांच्या रुंदावत नाहीत."

अण्णांची सगळी नोकरी ठाण्याला, नगरपालिकेच्या नळखात्यात झालेली. ते एकदम म्हणाले, "म्हणजे चावी पुरती उघडत नाही. शेवटच्या घराला पाणी उशिरा."

"अगदी तसंच."

"मग वायसर बदला की."

डॉक्टर हसले. गोदाबाईंना हसू आलं नाही.

"बदलायला माझ्यापाशी काही नाही, बाई," डॉक्टर त्यांना म्हणाले. "घाबरले की जास्त गोंधळतील. ओळखीचा आवाज कानावर पडू द्या. आणि काही विचारलंत तर उत्तराला वेळ द्या."

डोंबिवलीला घरी आल्यावर सुहासिनी म्हणाली, "आई, जेवताना तेवढं बोला. देव काही काठी घेऊन बसलेला नाही."

"तुला सोपं आहे गं. मी व्रत मोडलं आणि यांचंच काही बरंवाईट झालं, तर?"

दुसऱ्या दिवशी अण्णा पाटावर बसले, गोदाबाईंकडे पाहिलं आणि ताट सरकवलं. गोदाबाईंनी देवघराकडे नजर टाकली. राग माझ्यावर काढ, यांच्यावर नको, एवढंच मनात म्हणाल्या.

"अहो, आमटी कशी झालीये?"

अण्णा नुसते पाहत राहिले. सुहासिनी मध्ये बोलणार, तोच गोदाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. आमटीची वाफ विरली. रस्त्यावरून भाजीवालीची हाळी आली आणि लांब गेली.

अण्णांचा हात हळूच ताटाकडे गेला. एक घास झाला, दुसरा झाला.

"गोदे," ते म्हणाले, "होतीस कुठे इतके दिवस? मीठ कमी आहे."

गोदाबाईंनी मीठ वाढलं.

पुढे रोज जेवताना त्या एकच काहीतरी विचारायच्या आणि थांबायच्या. उत्तर कधी यायचं, कधी नाही. घास मात्र पोटात जात होता.

कार्तिकात त्यांनी घंटा देवळात नेली. "व्रत पुरं झालं?" गुरवाने विचारलं.

"मोडलं," गोदाबाई म्हणाल्या. "पण घंटा ठेवून घ्या. तिने काय केलंय?"