कुलपाचा आकडा

मित्रांनो, मोमो अपिसाईंच्या घरात आलात, की चटयांच्या गुंडाळीशेजारी एक काळी, कोपरे झिजलेली बॅग दिसेल. ती मी. औषध कंपनीची एक जुनी, निवृत्त बॅग. माझं कुलूप मोडलेलं आहे. पोटात मोमोंच्या गोळ्या आहेत, त्यांचा चष्मा आहे, आणि नेई वासितीने नातवंडांपासून लपवलेली बिस्किटं आहेत. मोमो म्हणजे मामा आणि नेई म्हणजे मामी. एवढं लक्षात ठेवलंत, की पुढचं सगळं कळेल.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातला. कातडं उत्तम, शिवण दुहेरी, आणि कपाळावर कंपनीचं सोनेरी नाव. पण कारागिरांनी सगळ्यात जास्त जीव ओतला तो माझ्या कुलपावर. आकड्यांच्या चकत्या फिरवायच्या आणि नेमका आकडा जुळला की 'टक्' असा आवाज यायचा. त्या आवाजाचा मला कोण अभिमान होता! माझ्या बहिणी देशोदेशी गेल्या. मी जहाजाने फिजीला आले, सुवा शहरातल्या कचेरीत, आणि तिथे मला अकानिसी मिळाली.

अकानिसीला ही नोकरी लागली तेव्हा तिच्या आजोळी, म्हणजे याच नावाईलेवू गावात, चर्चमध्ये प्रार्थना झाली होती. सातासमुद्रापलीकडच्या कंपनीत आपली मुलगी! गावातली प्रत्येक बाई आपल्या मुलीला सांगायची, "अकानिसीसारखी हो." बिचारीला काय ठाऊक, की ज्या नोकरीसाठी गाव प्रार्थना करतं ती नोकरी सोडणं पुढे किती अवघड होऊन बसतं!

आमचं काम असं. डॉक्टरांकडे जायचं, बाहेरच्या बाकावर रोग्यांबरोबर ताटकळत बसायचं, बोलावलं की हसत आत जायचं आणि कंपनीच्या नव्या औषधाचे गुण सांगून नमुन्याच्या गोळ्या द्यायच्या. अकानिसी हे काम फार छान करायची. डॉक्टर तिचं कौतुक करायचे. कंपनीने तिला एकदा चांदीचा बिल्लाही दिला. साहेब मात्र नेहमी तिकडूनच यायचे. एक गेला की दुसरा यायचा, आणि त्याला फिजीतलं सगळं समजावून सांगायचं काम अकानिसीचं. तिला कधी कुणी साहेब केलं नाही.

कंपनीचा एक नियम होता. नमुना फक्त डॉक्टरच्या हातात द्यायचा. नर्सला नाही, रोग्याला नाही, आणि नातेवाइकांना तर मुळीच नाही. उरलेल्या गोळ्यांची मुदत संपत आली, की त्या मोजून परत करायच्या आणि कंपनी त्या भट्टीत जाळणार. माझ्या पोटातून कितीतरी चांगल्या गोळ्या अशा जळायला गेल्या. मला तेव्हा त्याचं काही वाटत नसे. मी तर कुलूपवाली बॅग! आतलं आत राहिलं, की मला वाटे मी कर्तव्य केलं.

महिन्यातून एकदा आम्ही नातोवीच्या धक्क्यावरून बोटीने या बेटावर यायचो. बेटावरच्या लेवुका शहरातल्या डॉक्टरांना भेटून झालं की अकानिसी मुक्कामाला मोमोंकडे. इकडे भाचीला मामाच्या घरातलं काहीही उचलायचा हक्क असतो. ती लहानपणापासून तो मनसोक्त बजावत आली होती. चटई आवडली, घे. कोंबडा पाहिजे, पकड. एकदा तर तिने मोमोंचा रेडिओ उचलून नेला होता आणि मोमो नुसते हसले होते.

"माझी भाची येऊन गेली, की वादळ येऊन गेल्यासारखं वाटतं," ते म्हणायचे. "फक्त वादळ केळी मागून घेत नाही!"

मग एका वर्षी गावच्या दवाखान्यातल्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. सिस्टर सालोते रोज धक्क्याकडे बघायची, पण औषधांची खेप काही येईना. मोमो त्याच गोळ्यांवर होते. आणि त्याच गोळ्या माझ्या पोटात होत्या.

दालोचे उकडलेले कंद आणि मासे खाऊन झाल्यावर मोमोंनी घसा साफ केला. ते भाचीकडे कधी काही मागत नसत. त्या दिवशी त्यांनी मागितलं.

"पोरी, तुझ्या त्या बॅगेत आहेत ना ग माझ्या गोळ्या? खेप येईपर्यंत पुरतील एवढ्याच दे. मामा मागतोय, असं समज."

अकानिसीने मला जवळ ओढून घेतलं. आमच्याकडे आप्ताने असं मागितलं, की नाही म्हणायची सोय नसते. आणि त्यातून हा मामा, ज्याने तिला आयुष्यात नाही म्हटलं नव्हतं! पण एक पाकीट जरी कमी भरलं तरी कचेरीत जाब द्यावा लागणार होता. नोकरी गेली तर याच गावाला तोंड कसं दाखवणार?

"मोमो, कुलपाचा आकडा माझ्याकडे नाही," ती म्हणाली. "साहेब तिकडून डॉक्टरला सांगतात, मगच ही उघडते."

मित्रांनो, हे साफ खोटं होतं. सकाळीच तिने मला चार वेळा उघडलं होतं. पण मोमोंनी क्षणभरही शंका घेतली नाही. उलट त्यांनाच तिची दया आली.

"अरेरे! म्हणजे तू नुसतं ओझं वाहतेस होय? आणि आकडा त्यांच्याकडे?"

नेई वासितीने कपाळाला हात लावला. "चावी नसलेल्या घराची राखण! ही कसली ग नोकरी?"

बाकीचे हसले. अकानिसीही हसली. मी मात्र आतून चरकले. कारण मोमो हसत नव्हते, ते विचार करत होते. आकडा मुलीकडे नसेल तर तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे मागितला पाहिजे, रीतीप्रमाणे.

पुढच्याच महिन्यात कंपनीचे तेव्हाचे साहेब, हॅल्वर, बेटावर आले. आपली औषधं किती दूरवर पोचतात याचे फोटो त्यांना हवे होते, म्हणून अकानिसीचं गाव पाहायचा हट्ट त्यांनी धरला. अकानिसीने नाना कारणं सांगून पाहिली. साहेब ऐकेनात.

गावाने त्यांना सभागृहात मानाच्या जागी बसवलं. स्वागताचा विधी झाला. आणि मग मोमो पुढे सरकले. अंगावर ठेवणीतला शर्ट, कमरेला सुलूचं वस्त्र, समोर यांगोनाच्या, म्हणजे मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळ्यांची मोठी जुडी. सरदाराकडे काही मागायचं तर हीच जुडी समोर ठेवून मागतात. समोरच्याने ती हातात घेतली की मागणं मान्य झालं. मग सूर्य इकडचा तिकडे झाला तरी शब्द फिरत नाही.

मोमो खाली मान घालून आपल्या भाषेत, संथ आवाजात बोलू लागले. "साहेब, आमची मुलगी तुमची बॅग इमानाने वाहते. आमच्या दवाखान्यात गोळ्या नाहीत. आमची एवढीच विनंती आहे, की कुलपाचा आकडा आमच्या मुलीला द्या."

साहेबांनी अकानिसीकडे वळून विचारलं, "काय म्हणतात?"

मी तिच्या गुडघ्याला टेकून होते.  खरं सांगावं, तर साहेब म्हणणार, आकडा तर हिच्याकडेच आहे! अख्ख्या गावासमोर ती खोटी पडणार, आणि नातेवाईक नमुने मागतात हेही साहेबांना कळणार.

"तुमचं पुन्हा एकदा स्वागत करताहेत," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी दोन्ही हातांनी जुडी उचलून छातीशी धरली आणि शिकवल्याप्रमाणे मोठ्याने "विनाका!" म्हणून आभार मानले. ओंजळीच्या टाळ्यांनी सभागृह दणाणलं. मोमोंच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी फोटो काढला. कंपनीच्या मासिकात तो छापून आला, असं मी नंतर ऐकलं.

त्यानंतरची भेट मला विसरता येत नाही. औषधांची खेप अजून आली नव्हती, आणि मोमो दारातच वाट पाहत होते. त्यांचे पाय सुजले होते.

"आला ना आकडा?"

"साहेब विसरले, मोमो. त्यांना कामं फार."

"यांगोना हातात घेतलेला माणूस विसरत नाही, पोरी." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू आठवण कर. लाजू नकोस."

असं पुन्हा घडलं, आणि पुन्हा. अकानिसीला तिकडे खरं सांगता येईना, इकडे खोटं संपवता येईना. बोटीत ती मला मांडीवर घेऊन नुसती बसायची. तिच्या अंगठ्याने माझ्या चकत्या फिरत राहायच्या, आकडा जुळायचा, 'टक्' व्हायचं, आणि ती मला घाईघाईने पुन्हा बंद करायची. ज्या आवाजाचा मला एवढा अभिमान होता, तो आता नकोसा झाला.

आणि एके दिवशी आम्ही गावात शिरलो, तर मोमोंच्या घरासमोर गर्दी. मोमो चटईवर पडलेले. तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात लुळा. सिस्टर सालोते त्यांचा रक्तदाब बघत होती. होडी तयार करा, लेवुकाला न्यायला हवं, असं ओरडत होती.

अकानिसी सगळ्यांसमोर खाली बसली आणि तिने मला उघडलं. साहेबांचा फोन नाही, डॉक्टरची सही नाही. चार बोटं फिरली आणि 'टक्'. सगळी पाकिटं तिने सिस्टरच्या ओटीत ओतली.

 नेई वासिती एकदा कुलपाकडे बघत होती, एकदा भाचीकडे. मोमोंचा उघडा डोळाही माझ्याकडेच लागला होता. त्यांना सगळं कळलं होतं.

मोमो वाचले. डावा हात मात्र कायमचा लुळा राहिला. ते घरी आल्यावर अकानिसी यांगोनाची जुडी घेऊन आली, त्यांच्यासमोर जमिनीला डोकं लावून बसली आणि रडत रडत तिने सगळं सांगितलं. मोमोंनी उजव्या हाताने जुडीला स्पर्श केला. क्षमा झाली. मग वाकड्या तोंडाने, अडखळत ते म्हणाले, "आता मी मागू? ही बॅग दे मला."

तिने मला दिलं. नातवाने कोयत्याने माझं कुलूप उडवलं. खरं सांगते, मला दुखलं नाही.

कंपनीला तिने सांगितलं, की बॅग बोटीतून समुद्रात पडली. गोळ्या गेल्या म्हणून साहेब संतापले, पण इतकं चांगलं बोलणारं माणूस सोडतात थोडेच? चांदीचा बिल्ला काढून घेतला आणि नवी बॅग दिली. करड्या रंगाची, गुळगुळीत. तिला चकत्या नाहीत. कचेरीतून डॉक्टरच्या टेबलावर संदेश येतो, तेव्हाच तिचं झाकण उघडतं. आकडा कुणाला माहीतच नसतो.

परवा अकानिसी आली होती. नवी बॅग तिने माझ्याशेजारी ठेवली. गावच्या दवाखान्यातल्या गोळ्या पुन्हा संपल्या आहेत. नेई वासितीचा रक्तदाबही आता वाढतो. तिने हळूच विचारलं, "हिच्यात आहेत का ग?"

"आहेत, नेई. पण मला ही उघडता येत नाही. खरंच येत नाही."

 नेईने मान फिरवली. मोमोंनी चांगल्या हाताने भाचीच्या पाठीवर थोपटलं. "असू दे, पोरी. आम्ही नाही मागत. जाताना कोंबडा घेऊन जा."

अकानिसीने कोंबडा नेला नाही. ती धक्क्याकडे निघाली तेव्हा नेहमीसारखं तिला पोचवायला कुणी गेलं नाही.

मित्रांनो, पहिल्यांदा ती खोटं बोलली तेव्हा अख्ख्या गावाने विश्वास ठेवला होता. या वेळी ती खरं बोलली. मला ठाऊक आहे, मी बॅग आहे, मला कुलपातलं कळतं. पण आमचं बोलणं या घरात ऐकू कुणाला जातं? तुम्हाला जातं, म्हणून हात जोडून विनवते. नातोवीच्या बोटीत करडी बॅग मांडीवर घेतलेली एक बाई दिसली, तर तिच्याजवळ जाऊन बसा. आणि तिला एवढंच सांगा, की तुमचं खरं आहे, आम्हाला माहीत आहे.