दारावरचा डहाळा

परंदवडीच्या हौशीरामला उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं. ऐन पेरणीच्या तोंडावर कुणी नांगर मागितला, दिला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती बहीण ह्याच्या घरी कायमची मुक्कामाला होती. त्याची बायको झुंबरबाई चारचौघींत सांगायची, "उद्या कुनी मला उसनी मागितली तरी ह्ये म्हनतील, न्या, पर सांजच्याला आनून सोडा." बाया हसायच्या, आणि ओट्यावर बसलेला हौशीरामही हसायचा.

स्वराज्य येऊन दोन वर्षं होत आली, त्या साली हे हसणं थांबलं. झुंबरबाईच्या मानेत गाठी आल्या. बोराएवढ्या होत्या त्या लिंबाएवढ्या झाल्या, तेव्हा लोणावळ्याच्या डॉक्टरांनी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथं कळलं की हा कॅन्सर आहे, आणि त्यावर शिरेतून द्यायचं एक नवं औषध निघालंय.

"लढाईतल्या विषारी वायूवरून हे औषध निघालं," तिथले तरुण डॉक्टर म्हणाले. "विषारी आहे म्हणूनच गाठी मारतं. आता हात अजिबात हलवायचा नाही. थेंब शिरेबाहेर सांडला तर कातडी जळेल."

झुंबरबाईने हात दगडासारखा ठेवला. डोळे घट्ट मिटले ते हौशीरामने.

मग डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सावकाश सांगितलं. उलट्या होतील, तोंड येईल, केस गळतील, ही शीर काळी पडेल. हे सगळं औषधाचं, त्याला भ्यायचं नाही. पण दहाबारा दिवसांनी रक्तातले राखणदार कमी होतात. तेव्हा खोकणाऱ्या-शिंकणाऱ्या माणसाला जवळ येऊ द्यायचं नाही, घरात गर्दी नको, पाणी उकळून द्यायचं. आणि ताप आला किंवा कुठून रक्त आलं, तर मात्र तडक लोणावळ्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं. "मी त्यांना कळवून ठेवतो. ताप आला की घरी थांबायचं नाही. एवढं एक लक्षात ठेवा."

हौशीरामने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मान डोलवण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण गाडी खंडाळ्याचा घाट चढेपर्यंत त्याच्या डोक्यात सगळ्याचा काला झाला. भ्यायचं ते कशाला आणि न भ्यायचं ते कशाला?

"आगं, तोंड आलं तर भ्यायचं का न्हाई भ्यायचं?"

"न्हाई भ्यायचं," डोळे मिटूनच झुंबरबाई म्हणाली.

"आन् रगत आलं तर?"

"भ्यायचं. आता गप बसा, मला मळमळतंय."

घरी आल्यावर एकेक गोष्ट डॉक्टर म्हणाले तशीच घडू लागली. ती ओकून ओकून अर्धी झाली. कोपरापासून मनगटापर्यंत शीर काळीठिक्कर पडली. गाठी मात्र खरंच विरघळत होत्या. हौशीराम सकाळी मान चाचपून हरखायचा आणि दुपारी तिचे खोल गेलेले डोळे बघून खचायचा. गाठी मरताहेत की बायको मरतेय, रोग कुठं संपतो आणि औषध कुठं सुरू होतं, त्याला काही उमगेना.

त्यात गाव समाचाराला लोटलं. आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरणं, आणि आलेल्याला दारातून परत लावणं म्हणजे त्याहून वाईट. शेंबडी पोरं काखेत घेऊन बाया यायच्या, उशाशी बसायच्या. हौशीराम तोंड उघडायचा आणि "बसा, पानी देतो" म्हणून बंद करायचा.

सर्वांत अवघड होती सरुबाई मावशी. आई गेल्यावर हौशीरामला तिनंच वाढवलं होतं. म्हातारीला जुना, घरघरणारा खोकला. ती रोज यायची, झुंबरबाईचं डोकं मांडीवर घेऊन केसांतून हात फिरवायची. हातात केसांचा पुंजका आला की रडायची, आणि रडता रडता तिच्या तोंडावर खोकायची. तिला कोणत्या तोंडाने सांगणार, की तू येऊ नको म्हणून?

सांगता येईना, म्हणून हौशीरामने डोकं चालवलं; आणि भिडस्त माणूस डोकं चालवतो तेव्हा देवच राखो. एका सकाळी त्याने परड्यातल्या कडुलिंबाचा डहाळा तोडला आणि दाराला बांधला. चैत्राचे दिवस, आसपास देवीची साथ होतीच. दारावर डहाळा म्हणजे घरात देवी आलेल्या. अशा घरात बाहेरच्याने पाऊल टाकायचं नाही, घरच्यांनी फोडणी द्यायची नाही, आणि रोग्याला उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, सुई तर नाहीच नाही. हे कुणाला सांगावं लागत नाही.

घर एका दिवसात शांत झालं. सरुबाई अंगणाच्या कडेला ताकभाताचं मडकं ठेवायची, हात जोडायची आणि मागे फिरायची. हौशीरामला तिच्या पाठीकडे बघवत नव्हतं. पण झुंबरबाई निवांत झोपत होती.

आणि मग तिला ताप आला.

पहाटे अंग तव्यासारखं तापलं होतं. उजाडल्यावर त्याने पांघरूण सारलं तर दोन्ही पायांवर लाल ठिपकेच ठिपके. डॉक्टरांनी ताप सांगितला होता, ठिपके सांगितले नव्हते. देवीआईच्या नावाने खोटा डहाळा बांधला आणि आई खरंच आली! आता झुंबरबाईला बाहेर काढून सुई टोचायची म्हणजे कोपावर कोप. आणि हा ताप औषधाचा असला तर? घरी थांबायचं नाही, एवढं एक लक्षात ठेवायला सांगितलं होतं. दोन्ही खरं कसं असेल, आणि खोटं कोणतं धरायचं?

तो अंगणात येऊन उभा राहिला. सरुबाई मडकं ठेवत होती. त्याने ठिपक्यांचं सांगितलं.

"मग आता हलवू नगंस, हौश्या," ती लांबूनच म्हणाली. "आई कडक हाय. पानी शिंपड, पाया पड. सुईबिई तर नावच काढू नगंस."

तो आत आला. झुंबरबाई जागी होती, तिने सगळं ऐकलं होतं.

"माज्या पायावरनं हात फिरवा," ती म्हणाली.

त्याने भीतभीत फिरवला.

"हाताला काय लागतंय?"

"कायबी न्हाई. गुळगुळीत हाय."

"माहेरी भावाला देवी आल्या व्हत्या. मीच हुते त्याच्यापाशी, त्यो जाईस्तवर. त्यो दाना हाताला लागतो, मोहरीवानी. ह्ये कातडीच्या आतलं रगत हाय. आन् सकाळधरनं हिरडीतनंबी येतंय." तिने ओठ पुसून बोट दाखवलं. "रगत आलं तर भ्यायचं का न्हाई भ्यायचं?"

"भ्यायचं," हौशीराम म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं.

लोणावळ्याच्या आगगाडीसाठी घोरावाडी स्टेशन गाठायचं तर बैलगाडी जुंपायला हवी होती. पण त्याच्या गोठ्यात एकच बैल. दुसरा शेजारच्या दत्तोबाचा. दोघांची मिळून एक जोडी, नांगराला तीच आणि गाडीलाही तीच. हौशीरामने हाक मारली. दत्तोबा कुंपणाशी येऊन थांबला.

"डहाळा हाय तवर माजा बैल ह्या दारात यायचा न्हाई, हौशीभाऊ. माज्या घरात पोरं हायती."

"खोटा हाय त्यो डहाळा."

"आईच्या नावानं खोटं कोन लावतंय?"

"मी लावलं. मानसं येऊ नयेत म्हनून."

सरुबाई अजून अंगणाच्या कडेलाच होती. तिने मान वर केली. "कोन मानसं, हौश्या?"

हौशीराम खाली बघू लागला.

"मी व्हय रं?" म्हातारीने विचारलं. तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली, आणि उबळ सरल्यावर तिने पुन्हा विचारलं नाही.

"खोटा हाय तर काढ," दत्तोबा म्हणाला.

हौशीरामने हात उचलला. डहाळा सुकून खडखडीत झाला होता, ओढला असता तर निघाला असता. पण हात मध्येच थांबला. बायकोच्या अंगात फणफणता ताप, पायभर लाल ठिपके, आणि आपण दारावरून आईला हुसकायचं? मोहरीची गोष्ट चुकीची निघाली तर? हात खाली येईना आणि वरही जाईना.

आतून सरपटल्याचा आवाज आला. भिंतीला धरत, थांबत थांबत झुंबरबाई दारात आली. चौकटीला टेकून उभी राहिली आणि त्या काळ्या शिरेच्या हाताने तिने डहाळा ओढून खाली टाकला.

"चुकलं असंल तर माज्यावर," ती म्हणाली आणि तिथंच मटकन बसली.

दत्तोबा बैल आणायला गेला.

लोणावळ्याच्या डॉक्टरांनी पाय बघितले, हिरड्या बघितल्या आणि आधी पेनिसिलिनची सुई भरली. ताप हटेपर्यंत त्यांनी तिला ठेवून घेतलं, सुयांवर सुया दिल्या. ती वाचेल असं त्यांनाही आधी वाटलं नव्हतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. ठिपके औषधाचेच होते. रक्त पातळ झालं होतं, आणि राखणदार जवळजवळ संपले होते. आणखी उशीर झाला असता तर तेही काही करू शकले नसते.

"मग आता बरी झाली न्हवं?" हौशीरामने विचारलं.

"या वेळेपुरती. रक्त भरून आलं की तेच औषध पुन्हा."

हौशीरामने बायकोकडे बघितलं. वाचवलं तेही औषधाने आणि मारत होतं तेही औषधच. तेच पुन्हा घालायचं? झुंबरबाईने गळ्यावरून हात फिरवला. गाठी लागत नव्हत्या.

"घ्यायचं," ती म्हणाली. "पर ह्या खेपेला डहाळा नगं. दारात तुमी बसा."

मुंबईहून दुसऱ्यांदा परतल्यावर हौशीराम दारात पोतं टाकून बसला. पहिली आली ती सरुबाईच, हातात पेजेचं मडकं. डहाळा उतरला त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. ती जवळ आली तसा तो उठून उभा राहिला.

"मावशे, आत न्हाई."

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी तो काही फोडून आला की बघायची, तशी.

"तोंडानं बोलायला येतंय की तुला," ती म्हणाली. "तवाच बोलायचं व्हतंस. मी काय तुला खाल्लं असतं?"

तिने मडकं उंबऱ्यावर ठेवलं, अंगणाच्या पार पलीकडे जाऊन पदर तोंडाला लावून खोकली आणि तिथंच वाटेवर फतकल मारून बसली.

"जा, पेज दे तिला ऊन ऊन," ती ओरडली. "हितनं कोन आत जातंय त्ये बघते मी."

आत झुंबरबाई हसली. हौशीरामने मडकं उचललं आणि तो आत गेला.