पट्ट्यावरची निळी दोरी

देश घडवायची भाषणं मी लई ऐकली. दिग्रसच्या मांडवांत ऐकली, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भिंतीला टेकून ऐकली. त्यातल्या एकाही भाषण ठोकणाऱ्यानं हाताखालच्या बाईला "तुझं काय म्हणणं आहे" असं विचारलेलं मी पाहिलं नाही. म्हणून नाहिदबद्दल लिहितो.

नाहिद आमच्या दिग्रसच्या कापूस जिनिंगची सुपरवायझर. बाप मोटारसायकली दुरुस्त करणारा. ती गॅरेजातच वाढली, यवतमाळला डिप्लोमा केला. मी प्रेसवर रुईच्या गाठी बांधतो. पहिल्या दिवशी ती आत आली तेव्हा आम्ही गडीमाणसं हसलो होतो. सगळ्यात मोठ्यानं मी. हे आधीच कबूल करून टाकतो.

आल्या आल्या तिनं एक निळी दोरी बांधली. कापूस ज्या पट्ट्यावरून मशिनीत जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहून पाला, प्लास्टिक, खडे वेचतात. खडा मशिनीत गेला की ठिणगी उडते, अन् कापसाला एक ठिणगी पुरते. दोरी त्यांच्या डोक्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओढली की सगळं बंद.

"कोणीही ओढायची," नाहिद म्हणाली. "खडा दिसला, वास आला, नुसता डाऊट आला तरी. अन् जिनं ओढली तिले सगळ्यायनं म्हणायचं, बरं केलं. काय झालं ते मंग विचारायचं."

नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी मागच्या काळ्या भिंतीपाशी नेते. ती भिंत तिनं मुद्दाम रंगवू दिली नाही. तिथं पट्ट्यावरची सगळ्यात जुनी बाई, तुळसाबाई, उभी राहते. एकोणीस वर्षांपूर्वी या जिनिंगला आग लागली. कागदावर शॉर्टसर्किट. तुळसाबाई सांगते ते असं :

"मशिनीत खडा गेल्याचा आवाज म्या ऐकला. मुकादमाले सांगतलं. तो म्हणे, तुले काय समजते, कापूस येच. म्या येचला. माही नणंद जमनी त्या कोपऱ्यात होती. ते बाहीर आलीच नाही."

या हिवाळ्यात एनएसएसच्या शिबिराची पोरं आली. फलक, टोप्या अन् नवे झाडू. झाडू हातात धरून फोटो काढायचा अन् समाजसेवा झाली, हे मी दरवर्षी पाहतो अन् दरवर्षी माझं डोकं सणकतं. नाहिदनं झाडू काढून घेतले.

"झाडायले आमच्यापाशी माणसं आहेत. तुम्ही लिहा."

प्रियंका नावाच्या पोरीनं तीन दिवस तुळसाबाईजवळ बसून ती सांगेल तसं उतरवलं. जाताना म्हणाली, "मॅडम, इतिहासात मला पंच्याण्णव मार्क होते. त्यात दिग्रस कुठंच नव्हतं." तो कागद काचेत घालून काळ्या भिंतीवर लागला. खाली तुळसाबाईची सही. सही करायलाही तिला प्रियंकानंच शिकवलं.

आठ दिवसांनी शेठ आले. जुने शेठ वारले, हा त्यांचा मुलगा. सोबत बाहेरगावचे दोन व्यापारी. मशिनी जोरात चाललेल्या. अन् तुळसाबाईनं दोरी ओढली.

सगळं थंड. सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "बरं केलं, मावशी!"

पाऊण तास पट्टा उकलून पाहिला. काहीच नव्हतं.

"मले वाटलं, आवाज आला," तुळसाबाई पुटपुटली.

"हिला वाटलं!" शेठ व्यापाऱ्यांकडं पाहून हसले. मग नाहिदवर घसरले. "अन् तुम्ही शाबासकी देता? उद्यापासून ही बाई दिसली नाही पाहिजे."

"शेठ, आज हिले बोललो तर उद्या खरा खडा दिसला तरी कोणी ओढनार नाही. तो कागद वाचा एकदा."

शेठनं वाचला. उभ्याउभ्या, शेवटपर्यंत. चेहरा उतरला. "बाबा तर शॉर्टसर्किट म्हणायचे," एवढंच बोलले. मला वाटलं, माणूस विरघळला. कशाचं! लाज वाटली की मालक लोक जास्तच कडक होतात.

"बाई राहू द्या. पण पुन्हा एकदा मशीन फुकट थांबली, तर तुम्ही घरी, मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा सुरू झाला. बाया मान खाली घालून वेचत होत्या. नेहमीची थट्टा नाही, कोणाच्या सुनेच्या गोष्टी नाहीत. तेवढ्यात पट्ट्यावरच्या गंगीला कापसात काहीतरी काळं दिसलं. तिनं वर दोरीकडं पाहिलं, मग नाहिदकडं पाहिलं. अन् दोरी सोडून ती चालत्या पट्ट्यावर आडवी झाली. बांगड्यांपर्यंत हात कापसात. तुळसाबाईनं पदर धरून तिला मागं खेचलं म्हणून हात वाचला. मुठीत खडा नव्हता, नुसतं काळं पडलेलं बोंड होतं.

"मरतं काय वो?" तुळसाबाई ओरडली. "दोरी काहून नाही ओढली?"

"फुकट गेली असती तं? मॅडमची नोकरी गेली असती ना!"

मी प्रेसपाशी उभा होतो. नाहिदचा चेहरा मला स्पष्ट दिसला. एकोणीस वर्षांपूर्वी बाया भीतीपायी गप्प बसल्या होत्या. आज तिच्या मायेपायी गप्प बसत होत्या. मशिनीला त्यातला फरक कळत नाही.

ती सरळ चालत गेली अन् तिनं दोरी ओढली.

सगळं थांबलं. बाया तिच्याकडं पाहत राहिल्या.

"काय दिसलं, मॅडम?" गंगीनं घाबरत विचारलं.

"काहीच नाही. फुकट ओढली. एकदा फुकट थांबली तं मी घरी, असं शेठ म्हणाले होते ना? ते एकदा मीच करून टाकलं. आता तुमाले कायचं भेव?"

मग तुळसाबाईनं हातातला कापूस खाली टाकला.

"बरं केलं, पोरी!"

मग गंगी. मग सगळ्या. पत्रे दणाणले.

फोन पाच मिनिटांत आला. अशा बातम्या पोचवणारी माणसं प्रत्येक जिनिंगमध्ये असतात. नाहिद सगळ्यांसमोर बोलली. "हो शेठ, मीच ओढली... नाही, काही नव्हतं... या ना, मी इथंच आहे." मग शेठचा आवाज मलाही ऐकू आला. "सीझन आहे. चालू करा. पण हे मी लक्षात ठेवतो."

ठेवू दे. आम्हीही ठेवलं आहे.

दुपारी गंगीनं दोरी ओढली. वीस मिनिटं पाहिलं. काही निघालं नाही. पण मी गाठ अर्धी सोडून धावत गेलो होतो, अन् "बरं केलं!" म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडलो तो मीच.